कोकमाची पावडर: स्प्रे ड्रायर की फ्रीझ ड्रायर?

स्प्रे ड्रायरमध्ये १५०–१८० अंश सेल्सिअसच्या गरम हवेत रस फवारला की थेंब काही सेकंदांत सुकतात. खरी अडचण चिकटपणाची. रसातली साखर आणि आम्ल ड्रायरच्या भिंतीला धरून बसतात, म्हणून माल्टोडेक्स्ट्रिनसारखी (स्टार्चपासून केलेली, जवळजवळ बेचव पांढरी पावडर) भर मिसळावीच लागते. मग पावडर फिकट गुलाबी दिसते, आंबटपणाही उतरतो.

फ्रीझ ड्रायरमध्ये रस गोठवतात आणि निर्वातात बर्फाची थेट वाफ होते. लालभडक रंग, वास बराचसा टिकतो. पण एका घाण्याला दिवसभराहून जास्त वेळ लागतो, खर्चही कितीतरी जास्त.

सरबताच्या पाकिटांसाठी मी स्प्रेच घेईन. मात्र माल्टोडेक्स्ट्रिन किती, ते ठळक छापा. गिऱ्हाईक पैसे कोकमाचे मोजतं. आणि कोकणातल्या पावसाळ्यात डबा उघडा राहिला, तर दोन्ही पावडरी चमच्याला चिकटतात.