पटिंग ग्रीनची पावसाळी देखभाल : दर चढा, काम चोख, फरशीवर डाग

बावधनमधल्या आमच्या सोसायटीत बिल्डरने क्लबहाउसमागे एक पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच भोकात ढकलायची बारीक कापलेली हिरवळ, करून दिलंय. ब्रोशरमध्ये ते फार देखणं होतं. प्रत्यक्षात दर पावसाळ्यात तिथे शेवाळ, लव्हाळा आणि एक कायमचं डबकं. यंदा बाग समिती माझ्याकडे आली, तेव्हा ग्रीन नेहमीच्या माळीकामाच्या ठेक्यातून वेगळं काढलं आणि वळवापासून दसऱ्यापर्यंतची देखभाल गोल्फ कोर्सची कामं करणाऱ्या एका छोट्या सेवेला दिली. दर माळीकामाच्या जवळजवळ दुप्पट. तरी पुढच्या वर्षीही मी यांनाच बोलावणार आहे.

पुण्यात गोल्फ रंगतो तो दिवाळीनंतर. पावसाळ्यात खेळ थंड असतो, म्हणून बहुतेक सोसायट्या त्या दिवसांत हिरवळीकडे बघतच नाहीत, आणि नासाडी नेमकी तेव्हाच होते. ग्रीनवर असतं ते आपल्या हरळीचंच संकरित भावंड. आमच्याकडचं टिफड्वार्फ, 1965 साली अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनहून बाहेर पडलेलं. ते बी धरत नाही. म्हणजे एखादा तुकडा मेला की वर बी फेकून भागत नाही, तिथे मुळासकट गवतच आणून लावावं लागतं. या लोकांनी पहिल्याच आठवड्यात कंपाउंडच्या कडेला एक छोटा वाफा करून त्यात तेच गवत वाढवायला घेतलं. आधीच्या ठेकेदाराला हे कधी सुचलं नव्हतं.

मेमध्ये त्यांनी पोकळ दात्यांचं मशीन फिरवून अख्ख्या ग्रीनला भोकं पाडली. मातीच्या बोटभर कांड्या बाहेर काढल्या, झाडून नेल्या आणि भोकांत वाळू भरली. ग्रीन चाळणीसारखं दिसायला लागलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर मला यथेच्छ झोडपण्यात आलं. पण दबलेल्या मातीत हवा-पाणी उतरायला हाच रस्ता आहे, आणि हरळी उन्हापावसात जोमाने वाढते तेव्हाच या जखमा भरतात. वाळूच्या बाबतीत त्यांचा मुकादम भलताच चिकित्सक निघाला. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवली, थोडा वेळ ठेवली, वर गाळाचा जाड थर बसला. "ताई, हा ट्रक परत पाठवा," एवढंच म्हणाला. पुरवठादाराशी भांडण मात्र मला करावं लागलं. दुसऱ्या वेळी धुतलेली वाळू आली.

मी त्यांच्यावर खरी खूश झाले ती हुमणीच्या कामावर. माझं माहेर बारामतीकडचं, उसातली हुमणी लहानपणापासून पाहिलेली. पण सोसायटीच्या लॉनखालीही तीच अळी मुळं खात बसते, हे इथल्या बागकामवाल्यांना सांगून पटत नाही. गवत पिवळं पडलं की त्यांचं एकच औषध, युरिया. ही माणसं वळवाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळीच हजर झाली. याच अळीचे जमिनीतून निघालेले भुंगेरे अंधार पडताना कडुनिंबावर जमतात. त्यांनी झाडाखाली ताडपत्री पसरली, फांद्या हलवल्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत ढकलले. आमच्या गावाकडे अगदी असंच करतात. पोरांनी तर बॅटऱ्या घेऊन गर्दी केली. ऑगस्टमध्ये कडेची हिरवळ उचकटून पाहिली तर अळ्या अगदी तुरळक सापडल्या. कीटकनाशक जमिनीत ओतायची वेळ आली नाही.

जुलैत ग्रुपवर पुन्हा ओरड झाली. पैसे घेतात आणि कापत नाहीत म्हणून. एरवी पाच मिलिमीटरवर कापायचं गवत त्यांनी मुद्दाम सात-आठवर ठेवलं होतं, कारण ढगाळ हवेत ऊन कमी, आणि पातं जरा मोठं असेल तरच गवताला पोसायला पुरतं. पाय रुततोय अशा मातीवर मशीन घालायला मुकादम साफ नकार द्यायचा. उघडीप मिळाली की हाताने ढकलायचं मशीन आणि एका वेळी फक्त शेंड्याचा तिसरा हिस्सा. युरिया बंद, थोडं पोटॅश. मी दुप्पट पैसे मोजले ते या नकारासाठी, आणि ते वसूल झाले. गणपतीत दोन आजी दूर्वा खुडायला ग्रीनवर आल्या. बुरशीनाशक मारलंय म्हणून त्यांना तिथून उठवायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं.

डबकं मात्र हटलं नाही. त्यांनी ते आधीच सांगितलं होतं. नीट बांधलेल्या ग्रीनखाली साधारण तीस सेंटिमीटर वाळूचं मिश्रण आणि त्याखाली दहा सेंटिमीटर खडी असते. आमच्या बिल्डरने मुरमावर काळी माती टाकून वर गवत अंथरलं. चर साफ करून आणि भोकं पाडून पाणी लवकर ओसरतं, इतकंच. लव्हाळाही पूर्ण गेला नाही. उपटला तर जमिनीत गाठी राहतात आणि पुन्हा फुटतो, म्हणून फवारणी केली. निम्म्याच्या वर गेला असेल.

आता तक्रार. शेवाळावर त्यांनी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, फवारली. उपाय बरोबर होता, शेवाळ काळं पडून सुटलं. पण फवारणाऱ्या मुलाने कडेची शहाबादी झाकली नाही आणि फरशीवर गंजाचे तांबूस डाग उमटले. ते घासून निघालेले नाहीत. भरपाईचं बोलणं चालू आहे, म्हणून सेवेचं नाव इथे देत नाही. शिवाय बिल मागितल्याशिवाय येत नाही आणि रविवारी सकाळी साडेसहाला मशीन सुरू होतं.

दिवाळीनंतरच्या कराराचं कोटेशनही आलंय. त्यात हिवाळ्यासाठी राय गवत पेरायचं एक महागडं कलम आहे. पुण्याच्या थंडीत हरळीची वाढ मंदावते, रंग जरा उतरतो, पण दिल्लीकडच्यासारखी ती पार सुकल्यागत होत नाही, आणि राय जगवायला पाणी टँकरचं. ते कलम मी खोडलं. बाकी करार मान्य केलाय, फक्त रविवारची वेळ नऊ करून मागितली आहे.