अपाची जॅकरॅबिट: असलेल्या फाइलवर कॉपी मारली तर काय होतं

लातूरला कोचिंग क्लासच्या नोट्स, टेस्ट पेपर, उत्तरसूच्या सांभाळायचं काम करतो, त्यासाठी अपाची जॅकरॅबिट हे फाइली साठवायचं सॉफ्टवेअर वापरायलोत. इथं नवी बॅच आली की मागच्या वर्षीचा नीटचा फोल्डर उचलून नव्यात टाकायचा, म्हणजे नाव तेच राहतं, अन् कधी कधी तिथं सरांनी रात्री बसून दुरुस्त केलेला पेपर आधीच असतो. म्हणून कोणतं बी सॉफ्टवेअर असू द्या, मी पहिले हेच बघतो की असलेल्या गोष्टीवर कॉपी मारली तर ते काय करतं.

इथं जॅकरॅबिट लई आवडलं. ते जावाच्या जेसीआर नावाच्या स्टँडर्डवर चालतं, त्याचं २.० व्हर्जन २००९ चं, त्यात वर्कस्पेसच्या (म्हणजे थेट साठ्यातल्या) कॉपीला ओव्हरराइटचा, म्हणजे जुन्यावर नवं लिहायचा, पर्यायच ठेवलेला नाही. फोल्डर साधा एनटी-फोल्डर टाइपचा असला अन् त्या नावाचं आत काही असलं की सरळ एरर येतो, जुन्याला हात लागत नाही. फक्त टाइप नीट निवडा. एनटी-अनस्ट्रक्चर्ड घेतलं तर त्यात एकाच नावाचे अनेक नोड (साठ्यातली एकेक फाइल किंवा फोल्डर म्हणजे नोड) चालतात, मग एरर न येता त्याच नावाचा दुसरा नोड शेजारी उभा राहतो, पुढं चौकटी कंसात २ लागलेला, अन् पोरांना कोणता पेपर द्यायचा हे कुणालाच कळत नाही. आमच्याकडं म्हणून सगळे फोल्डर एनटी-फोल्डरच.

खरंच बदलायचं असेल तर? आधी जुना काढून मग कॉपी करू नका. ही कॉपी सेव्हची वाट बघत नाही, लगेच पक्की होते, अन् काढणं अन् कॉपी यांच्या मधेच लाइट गेली तर हातात काहीच राहत नाही. त्यापरीस शेजारी तात्पुरत्या नावानं कॉपी करा, उघडून बघा, मग जुना रिमूव्ह अन् नव्याचं मूव्ह एकाच सेशनमध्ये करून एकदाच सेव्ह मारा. अजून एक, कॉपीला नवा आयडी मिळतो, त्यामुळं जुन्या पेपरकडं कुठून पक्का रेफरन्स असेल तर तो काढतानाच सेव्ह अडतं, आधी ते रेफरन्स नव्याकडं वळवावे लागतात. किचकट आहे, पण बरोबर आहे.

आता जे मला पटत नाही ते. जॅकरॅबिटचा हाच साठा वेबडॅव्हनं, म्हणजे नेटवर्कवरून फाइली हाताळायच्या पद्धतीनं, जोडला की नियम उलटा होतो! वेबडॅव्हच्या स्टँडर्डमध्ये कॉपी करताना ओव्हरराइट हेडर (विनंतीसोबत जाणारी सूचना) दिलाच नाही तर तो हो असाच धरतात, अन् फोल्डरवर फोल्डर टाकला तर दोन्ही मिसळत नाहीत, जुन्यातलं सगळं जातं. नाही म्हणून पाठवलं तरच ४१२ चा एरर येऊन कॉपी थांबते. यात जॅकरॅबिटचा दोष नाही, पण ऑफिसातल्या माणसाला दोन्हीकडं फोल्डर एकसारखाच दिसतो. तेव्हा तुमचा क्लायंट, म्हणजे जोडणी करणारा प्रोग्रॅम, तो हेडर काय पाठवतो ते आधी तपासा, अन् त्यात ‘नाही’ असं पाठवत नसेल तर वेबडॅव्हवर सगळ्यांना फक्त वाचायचीच परवानगी ठेवा.