सरळ दिसणारी इमारत आणि बुडालेले १,८५५ डॉलर

कॅमेरा आणि लेन्सचे १,१५०, रोल फिल्म बॅकचे (कॅमेऱ्यामागे लावायचा रोलचा डबा) ३८०, कुरिअरचे ८५ आणि वर 'कस्टममध्ये अडकलंय' म्हणून उकळलेले २४०. एकूण १,८५५ डॉलर जाहिरात देणाऱ्या एका विक्रेत्यानं लाटले, आणि कॅमेरा काही हातात आला नाही. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'गेले असतील थोडेफार' हे ऐकायला नको.

पैसे उकळायची पद्धत जुनीच, सगळ्यांना पाठ असलेली. आमिष मात्र नेमकं माझ्यासारख्यांसाठी होतं. इमारतींचे फोटो फिल्मवर काढणाऱ्याला कधी ना कधी हा पेच पडतोच: पॅनोरमिक (लांबट फ्रेमचा) कॅमेरा घ्यायचा की लार्ज फॉरमॅट (मोठ्या सुट्या फिल्मचा)? एक्सपॅन हा पॅनोरमिक कॅमेरा गळ्यात अडकवून फिरता येतं, साध्या ३५ मिमी रोलवर २४ × ६५ मिमीची फ्रेम मिळते. पण लेन्स वर सरकवायची सोय नाही. कॅमेरा वर उचलला की भिंती आत कलतात, सरळ धरला की अर्ध्या फोटोत रस्ता. फिरत्या लेन्सच्या पॅनोरमिकमध्ये तर गच्चीची सरळ कडा धनुष्यासारखी वाकते. ४ × ५ मध्ये, म्हणजे ४ × ५ इंची फिल्मच्या लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यात, पुढचं स्टँडर्ड (लेन्स धरणारी चौकट) वर केलं की प्रश्न मिटतो, पण मग ट्रायपॉड, काळं कापड, फिल्मचे होल्डर असा सगळा लवाजमा आला.

माझी ही घालमेल त्या विक्रेत्यानं अचूक हेरली. "निवडायचं कशाला? ४ × ५ घ्या, ९० मिमीची सुपर अँग्युलॉन लेन्स लावा, मागे ६ × १७ सेंटिमीटरच्या लांबट फ्रेमचा रोल फिल्म बॅक चढवा. दोन्ही कामं होतील." आणि खोटं काय होतं त्यात? ५६ × १६८ मिमी फ्रेमचा कर्ण १७७ मिमी, एफ/८ वाल्या त्या लेन्सचं इमेज सर्कल, म्हणजे ती टाकते त्या प्रतिमेचं वर्तुळ, २१६ मिमी. गणित बसतं. फार लांब लेन्स लावली तर बॅकच्या खोक्यामुळे कडा काळ्या पडतील, हेही त्यानंच बजावलं. चोर एवढा अभ्यास करून येतो हे मला कुठून कळणार?

आता तो फोटो. बेलोज (लेन्स आणि फिल्म यांमधला घड्यांचा भाता) आणि ग्राउंड ग्लास (मागची दुधी काच, जिच्यावर प्रतिमा दिसते) दाखवा म्हटल्यावर त्यानं मागून काढलेला फोटो पाठवला. काचेवर एक सुंदर दगडी इमारत, सरळ उभी, दारावरची पाटीसुद्धा वाचता येत होती. अहो, ग्राउंड ग्लासवर प्रतिमा उलटी पडते! वरचं खाली, डावं उजवीकडे. फोटो फिरवला असता तर बॅकवरचा स्पिरिट लेव्हलही उलटा दिसला असता, तो तर जागच्या जागी होता. म्हणजे चित्र चिकटवलेलं. हे मला माहीत होतं, वर्षानुवर्षं उलट्या इमारती बघतोय. पण मी बघत होतो बेलोजच्या घड्या. मागितलंच होतं ते, दुसरीकडे कोण बघणार?

म्हणून नुसत्या फोटोवर विसंबू नका, व्हिडिओ मागा. शटर एक सेकंदावर चालवून दाखवायला सांगा, आवाजासकट. लेन्सवरचा नंबर आणि तुम्ही सांगाल तो शब्द लिहिलेली चिठ्ठी एकाच फ्रेममध्ये हवी.

'फी वाचेल' म्हणून त्यानं पैसे वैयक्तिक व्यवहार म्हणून पाठवायला लावले. पेमेंट कंपनी म्हणते, वैयक्तिक व्यवहाराला संरक्षण नाही. बँक म्हणते, तुम्ही स्वतःच मंजुरी दिलीत. कुरिअरवाले म्हणतात, पार्सल पोचलं. कुठे? माझ्याच शहरात, भलत्याच पत्त्यावर! वजन २०० ग्रॅम. नुसती ती लेन्स त्याहून जड असते, हे त्यांना समजावता समजावता घसा बसला. सही कुणाची ते दाखवा म्हटलं, तर ती म्हणे घेणाऱ्याची खासगी माहिती. घेणारा मी! आणि पोलीस? तक्रार लिहून घेणाऱ्यानं पेन थांबवून विचारलं, "पॅनोरमा तर मोबाईलमध्येच असतो ना? मग एवढे पैसे कशाला घातलेत?" चोरी झाली माझी आणि उलटतपासणीही माझीच. पुढे प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर: हे आमच्या अखत्यारीत येत नाही.

एक्सपॅन घेणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. त्याचं उत्पादन कधीच थांबलंय. इलेक्ट्रॉनिक्स गेलं तर सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येतात, आणि 'चालू आहे' या शब्दावर हजारो डॉलर मोजले जातात. ४ × ५ समोर बसून घेत असाल तर अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या आत टॉर्च फिरवा, भोकं लगेच दिसतात.

तीच जाहिरात पुन्हा लागलीय, आता ९९० डॉलरला. तक्रार केली, उत्तर आलं: 'नियमभंग आढळला नाही.'