ट्रायम्फ स्पिटफायरसाठी बोर्ग अँड बेकचं क्लच किट: माल चांगला, पण नुसत्या किटवर भागत नाही

माझी गाडी स्पिटफायर १५००, ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, कॉव्हेंट्रीतल्या कॅनलीच्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत होती त्या शेवटच्या मालिकेतली. चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढायचा आणि गाडी मात्र पुढे ओढायची नाही. क्लच घसरत होता, त्यात शंका नव्हती. इथे इंग्लंडमध्ये गॅरेजची मजुरी किटच्या किमतीच्या कित्येक पट होते, म्हणून मी आणि नवऱ्याने काम घरीच केलं.

आधी किटबद्दल. क्लचप्लेट, तिला इंजिनाच्या फ्लायव्हीलवर (मागच्या जड चाकावर) दाबून धरणारी प्रेशर प्लेट, आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग असे तीन भाग येतात. क्लचप्लेट ७¼ इंची, १५०० ला लागते तीच. आधीच्या मार्क ४ ला ६½ इंची लागते, तेव्हा मागवताना मॉडेल नीट सांगा. शिवाय या गाड्यांचे गिअरबॉक्स इतक्या वर्षांत इकडचे तिकडे झालेले असतात. जुनी प्लेट हातात घेऊन तिच्या मधल्या, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसणाऱ्या खाचा मोजा आणि मगच ऑर्डर द्या. माझ्या किटमध्ये डायफ्रामची (प्रेशर प्लेटच्या चपट्या स्प्रिंगची) बोटं सगळी एका पातळीत होती, रिव्हेट घट्ट होते, फ्लायव्हीलकडची बाजू कुठली तेही प्लेटवर छापलेलं होतं. बसवल्यावर पेडल हलकं झालं आणि गाडी थरथर न करता उठते. या तीन भागांना मी पूर्ण गुण देते.

काम घरी करणाऱ्यांनी ही गाडी मुद्दाम निवडावी असं मला मनापासून वाटतं. इंजिनाला हात लावायचा नाही, गाडीखाली छातीवर गिअरबॉक्स पेलायचा नाही. सीट काढा, कार्पेट काढा, मधलं दाबलेल्या पुठ्ठ्याचं आवरण उचला, की गिअरबॉक्स समोर उघडा पडतो आणि गाडीच्या आतूनच बाहेर येतो. ही सोय ट्रायम्फ हेराल्डच्या चासीकडून आलेली. पूर्वी मद्रासला बनायची ती आपली स्टँडर्ड हेराल्ड तिचीच बहीण. सांगलीला काकांच्या हेराल्डचा गिअरबॉक्स मिस्त्री असाच आतून काढायचे, त्यामुळे मला ही रीत परकी वाटली नाही. स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा जोर तेलाच्या दाबाने क्लचपर्यंत पोचवणारा) नळीसकट सोडवून तारेने बाजूला बांधून ठेवा. नळी उघडलीच नाही तर हवा काढायचं कामही वाचतं. मात्र गिअरबॉक्सच्या मागे ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जोड-गिअर) असेल तर उचलायला दुसरा माणूस हवाच.

आता किटमध्ये काय नसतं ते. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला ब्रॉन्झचा बुश, म्हणजे छोटी नळकांडी असते, त्यात गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाकडून जोर घेणाऱ्या दांड्याचं, नाक फिरतं. तो नवा घ्या आणि बसवण्याआधी रात्रभर तेलात ठेवा. रिलीज बेअरिंग ज्या फोर्कवर (दुबेळक्या तरफेवर) बसतं त्याच्या पिना आणि बुश झिजलेले असतील तर नवं बेअरिंग घालूनही पेडलचा अर्धा प्रवास फुकट जातो. आमच्या पिना अंडाकृती झाल्या होत्या. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर आत्ताच बदला, नाहीतर नवी प्लेट महिन्याभरात तेलकट होईल. प्लेट मध्यावर धरायला मी वेगळा घेतलेला प्लॅस्टिकचा दांडा डुगडुगत होता. त्यापेक्षा जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट कुणाकडून मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आणि गिअरबॉक्स काढण्याआधी गाडी चालवून त्याचा आवाज ऐका, याबद्दल मी आग्रही आहे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि पेडल दाबताच थांबते, तर बहुधा इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलंय. उलट पेडल दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता असेल, तर लेशाफ्टच्या (गिअरबॉक्समधल्या खालच्या, जोड दांड्याच्या) बारीक रोलरांकडे बघा, कारण चौथ्यात जोर सरळ पुढे जातो आणि लेशाफ्टवर भार राहत नाही. क्लचपायी सगळं उचकटायचंच आहे, तर हे निदान आधी झालेलं बरं.

आणखी एक तपासणी क्रँकची. कुणाला तरी पेडल दाबायला सांगून पुढची पुली पाहा. ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली तर थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजलेत. ते निखळून सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) पडतात आणि मग क्रँकच हातचा जातो. म्हणूनच सिग्नलला गिअर टाकून, क्लच दाबून उभं राहू नये.

गिअरबॉक्समध्ये तेल जीएल-४ या दर्जाचंच घाला. जीएल-५ मधली गंधकाची द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) बाधू शकतात. दुकानदार «तेच ते» म्हणाला तरी डब्यावरचं वाचून घ्या. ओव्हरड्राइव्ह नसेल तर एक लिटरसुद्धा लागत नाही, तेव्हा इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

पुन्हा वेळ आली तर हेच किट घेईन, आणि बुश, पिना, सील त्याच ऑर्डरमध्ये.