दारूही आणि नैराश्यही: दाखल कुठे करायचं?

माणूस रोज पितो आणि त्याला नैराश्य, बायपोलर किंवा संशयाचा आजारही आहे. घरच्यांपुढे मग दोन दारं असतात: व्यसनमुक्ती केंद्र किंवा रुग्णालयातला मानसोपचार वॉर्ड. एकाच टीमने दोन्ही आजार एकत्र हाताळणं सगळ्यात चांगलं, पण तशी सोय मोजक्याच ठिकाणी आहे.

पहिले चार-पाच दिवस वॉर्ड सरस, यात वादच नाही. रोजची दारू अचानक तुटली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. फिटचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त. भास होणं, दिवस-रात्र न कळणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. आधीपासून स्किझोफ्रेनिया असेल तर 'जुनाच आजार उसळलाय' असं समजून हे भास अंगावर काढले जातात, आणि तिथेच घात होतो. वॉर्डात नाडी, रक्तदाब, ताप बघत हा त्रास शमवणारी क्लोरडायझेपॉक्साइड ही गोळी देतात, यकृत खराब असेल तर लोराझेपाम. ग्लुकोजच्या आधी थायमिनचं (ब-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन. पूर्वी फिट आली असेल किंवा जीव द्यायची भाषा असेल, तर केंद्राला फोनही करू नका, आधी रुग्णालय गाठा.

वॉर्डाची लंगडी बाजू नंतर कळते. थोड्या दिवसांत डिस्चार्ज मिळतो. हातात गोळ्यांची चिठ्ठी असते, पण पगाराच्या संध्याकाळी बारवरून घरी कसं यायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. केंद्र ते शिकवतं: महिनाभर किंवा जास्त मुक्काम, गटचर्चा, बायको-आईवडिलांची बैठक, पाठपुरावा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू झालं. म्हणजे ही दोन कामं शेजारी नांदू शकतात.

सगळीकडे तसं नांदत नाही. काही केंद्रांत 'गोळी म्हणजे दुसरं व्यसन' म्हणत सगळीच औषधं बंद करतात. अल्प्राझोलामसारख्या चिंता-झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, हे खरं. बायपोलरवरच्या लिथियमची लागत नाही; उलट ते एकदम तोडलं तर उन्माद उसळू शकतो. दुसरी चूक डायसल्फिरामची, म्हणजे वर दारू प्यायली तर त्रास व्हावा म्हणून देतात त्या गोळीची. ते चहातून चोरून देणं धोक्याचंच, आणि सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार) असलेल्याला तर ते शक्यतो नकोच.

तिसरी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. विडी-सिगारेटच्या धुरामुळे शरीर क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची औषधं लवकर संपवतं. केंद्रात विडी बंद झाली की तोच डोस रक्तात जास्त चढतो. माणूस पेंगतो, आणि 'सुधारणा नाही' असा शेरा पडतो. डोस डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवा. (तंबाखू मळून खाणाऱ्याला हे लागू नाही, करामत धुराची आहे.)

नैराश्याची गोळी लगेच सुरू करायची का? दारूमुळे आलेली उदासी बऱ्याचदा दोन ते चार आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून डॉक्टर कधी थांबतात. मात्र दारूच्या आधीपासून नैराश्य असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. गेल्या वेळी महिनाभर सुटली होती तेव्हा तो जेवत होता का, हसत होता का, झोपत होता का, हे घरच्यांनाच ठाऊक असतं. डॉक्टरांना हे आपणहून सांगा. रिपोर्टइतकंच मोलाचं आहे.

तेव्हा आमचा कौल असा: त्रास जास्त असेल तर आधी वॉर्ड, मग चालू गोळ्या न तोडणारं केंद्र. फोनवर विचारा: मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस येतात? गोळ्या कोण मोजून देतं? रात्री फिट आली तर कुठे नेता? मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार दारू-ड्रग्जशी जोडलेले विकारही मानसिक आजारात मोडतात, त्यामुळे नोंदणीचा कागद दाखवा म्हणायला संकोच नको. साखळी किंवा मारहाण दिसली तर तिथून उठा. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर मराठीतही चालतो.

निघताना जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका. आणि वॉर्डातून सोडताना पुढची तारीख आठवड्याच्या आतली मागून घ्या, महिन्यानंतरची नको.