सीपीएनपीची परीक्षा: सेंटरवर जावं की घरीच बसावं?

अमेरिकेत पेडियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनरचं, म्हणजे मुलांना तपासून औषधोपचार करणाऱ्या नर्सचं, शिक्षण संपलं की पीएनसीबी या सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डाची सीपीएनपी परीक्षा असते. प्रायमरी केअरवाल्यांना (नेहमीची तपासणी, लसी, साधे आजार) सीपीएनपी-पीसी, अ‍ॅक्यूट केअरवाल्यांना (गंभीर आजारी मुलं) सीपीएनपी-एसी. इथे निवडीला वाव नाही, ज्या ट्रॅकमध्ये शिकलात तीच द्यायची. डोकं खाणारा प्रश्न अर्ज मंजूर होऊन 90 दिवसांची मुदत सुरू झाली की येतो: परीक्षा घेणाऱ्या प्रोमेट्रिक कंपनीच्या सेंटरवर स्लॉट घ्यायचा, की घरच्याच टेबलावर कॅमेऱ्यासमोर बसायचं?

पेपर दोन्हीकडे सारखाच. 175 प्रश्न, तीन तास, म्हणजे प्रश्नामागे जेमतेम एक मिनिट. गुण 150 प्रश्नांचेच धरतात. उरलेले 25 नुसते आजमावून बघायला घातलेले, बिनगुणांचे असतात, पण कोणते ते कळत नाही, त्यामुळे सगळेच मन लावून सोडवावे लागतात. 200 ते 800 च्या मोजपट्टीवर 400 झाले की पास. हातात पडणारं सर्टिफिकेटही तेच.

मी सेंटरवर दिली, माझ्या एका मैत्रिणीने घरून. दोघी पास झालो, पण परीक्षेआधीची तिची आणि माझी रात्र अगदी वेगळी गेली.

माझं काम सोपं होतं. अर्धा तास आधी पोहोचायचं, आयडी दाखवायचा, फोन-घड्याळ-पाकीट लॉकरमध्ये टाकायचं, खिसे उलटे करून दाखवायचे, चष्मासुद्धा तपासून घ्यायचा. जरा तुरुंगात शिरल्यासारखं वाटतं खरं. पण एकदा खुर्चीत बसलं की कॉम्प्युटर त्यांचा, इंटरनेट त्यांचं, वीज त्यांची. काही बंद पडलं तर उठून सांगायला समोर माणूस असतो.

तिने मात्र आदल्या रात्री खोली रिकामी केली. भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता उतरवला, दुसरा मॉनिटर काढला, पुस्तकांचा ढीग बाहेर नेला. प्रॉक्टर, म्हणजे ऑनलाइन नजर ठेवणारा पर्यवेक्षक, सुरुवातीलाच कॅमेरा फिरवून चारी भिंती, टेबलावरचं, टेबलाखालचं सगळं दाखवायला लावतो. बाह्या, कानामागचं तेही. दार बंद हवं आणि तीन तास त्या खोलीत दुसरं कुणी यायला नको. तिचा मुलगा चार वर्षांचा. आई आत आहे हे त्याला कळलं की दार वाजणारच, म्हणून नवऱ्याने त्याला सकाळीच बागेत नेलं. आयुष्यभर लेकरं सांभाळायची परीक्षा द्यायची आणि त्यासाठी स्वतःचं लेकरू घराबाहेर काढायचं, असा तो प्रकार.

घरी आणखी एक अडचण आहे, ती फार जण आधी लक्षात घेत नाहीत. साधा कागद-पेन चालत नाही. सेंटरवर कच्च्या कामासाठी लिहायला काहीतरी देतात आणि जाताना परत घेतात. विकासाचे टप्पे, लसींमधली किमान अंतरं डोक्यातून उतरवून ठेवायची सवय असेल, किंवा 12 किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे 90 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन, दोन डोसांत, म्हणजे एका वेळी 540 मिलिग्रॅम, अशी गणितं हाताने मांडल्याशिवाय सुटत नसतील, तर मी म्हणेन सेंटरच. प्रश्न ओठांत पुटपुटत वाचत असाल तरी तेच. घरी प्रॉक्टर टोकतो.

मग घरून कुणी द्यावी? सेंटर दोन-तीन तासांच्या ड्राइव्हवर असेल, बर्फाचे दिवस असतील, किंवा नाइट ड्यूट्यांमुळे सेंटरच्या वेळा जमतच नसतील, त्यांनी. घरून द्यायला वेळा जास्त मिळतात. फक्त लॅपटॉप स्वतःचा हवा. हॉस्पिटलच्या लॅपटॉपवर फायरवॉल आणि व्हीपीएन असतात, तिथे परीक्षेचं सॉफ्टवेअर बहुधा अडतंच. ज्या खोलीत, ज्या वायफायवर, ज्या वेळी परीक्षा देणार त्याच वेळी सिस्टिम चेक करून बघा. संध्याकाळी घरातले सगळे व्हिडिओ बघत असतात तेव्हाचं नेट आणि सकाळी नऊचं नेट सारखं नसतं.

ब्रेकची भानगड दोन्हीकडे तीच: उठलात तरी घड्याळ चालूच. बाळ अंगावर पीत असेल आणि मध्ये पंप करायचा असेल, तर जादा वेळेची परवानगी स्लॉट घेण्याआधीच मागा.

आणि आपल्याकडच्यांसाठी खास: नाव. पासपोर्टवर मधे वडिलांचं, लायसन्सवर नवऱ्याचं, अर्जात मधलं नावच नाही, असं आपल्या कितीतरी जणींचं असतं. अर्जातलं नाव आयडीशी जुळलं नाही, तर सेंटरच्या दारातून परत पाठवतात आणि घरी कॅमेऱ्यासमोरूनही. घर की सेंटर हे ठरवण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर ताडून बघा. बदल करायचा तर त्यालाही दिवस लागतात, आणि ते त्या 90 मधूनच जातात.