आर्ट थेरपी: एकट्याने की गटात?

आर्ट थेरपी, म्हणजे चित्र, माती, कोलाज यांतून मनातलं मांडण्याचा मानसोपचार, घ्यायची ठरली की थेरपिस्टसोबत एकट्याने बसायचं की गटात, हा प्रश्न लगेच येतो. खर्च आणि वेळ यांचा हिशोब सगळेच करतात. त्याआधी स्वतःला एवढं विचारा: तुम्ही काढलेलं चित्र आणखी सहा-सात जणांनी पाहिलं तर चालेल का? निम्मा निर्णय या उत्तरावरच होतो.

एकट्याचं सत्र साधारण ५० ते ६० मिनिटांचं, बहुधा आठवड्यातून एकदा. पहिल्या भेटीत चित्राला थोडाच वेळ मिळतो. झोप, चालू औषधं, आधीचे उपचार, काय बदलायला हवं, यावरच बोलणं होतं. पुढच्या सत्रांत पाच-दहा मिनिटं गप्पा, अर्धा तास काम आणि उरलेल्या वेळात दोघांनी मिळून चित्राकडे पाहणं, असा ढोबळ क्रम असतो.

एकट्याच्या सत्राचा खरा फायदा साहित्याच्या निवडीत दिसतो. पेन्सिल आणि कोलाज हाताच्या ताब्यात राहतात. खोडता येतं, तुकडा सरकवता येतो. तेलखडूंवर हा ताबा थोडा कमी. ओल्या कागदावरचे जलरंग आणि ओली माती मात्र आपल्या मनाने वाहतात, आणि त्यांच्यासोबत भावनाही वर येतात. म्हणून साहित्य बेताबेताने द्यावं लागतं. समजा, ओल्या कागदावर सोडलेला निळा रंग कडेपर्यंत पसरू लागला आणि तुमचा हात थांबला, श्वास अडकला. समोर तुम्ही एकटेच असाल तर थेरपिस्टला ते लगेच दिसतं. तो लहान, कोरडा कागद पुढे करतो, कडेने चिकटपट्टीची चौकट आखून देतो किंवा ब्रश बाजूला ठेवून खडू देतो. गटात सगळ्यांना बहुधा एकच साहित्य मिळतं आणि थेरपिस्टची नजर आठ जणांत वाटली जाते. पहिल्याच दिवशी माती हातात पडून एखादा हादरला, तर ते उशिरा लक्षात येण्याची शक्यता असते.

गटाचं सत्र दीड ते दोन तासांचं, माणसं सहा ते आठ. त्यातही बंद गट आणि खुला गट हा फरक आधी विचारून घ्या. बंद गटात ठरावीक आठवडे तीच माणसं येतात. खुल्या गटात दर वेळी कुणी नवं असू शकतं. मनातलं खोल काही मांडायचं असेल तर बंद गटच बरा. वेळेचं गणितही करून पाहा: दीड तासातली दहा मिनिटं स्थिरावण्यात आणि चाळीस कामात गेली, तर बोलायला आठ जणांत चाळीस मिनिटं उरतात, म्हणजे माणशी पाच. तेवढ्यात तुमचं भागेल का?

तरीही एकटेपणा, शोक, व्यसनातून बाहेर पडणं यांत गट जे देतो ते एका थेरपिस्टला देता येत नाही. तुम्ही बंद दार काढलंत आणि टेबलाच्या पलीकडच्या माणसानेही दारच काढलेलं दिसलं, की समजावून सांगण्याचं ओझं उतरतं. गट बिघडतो तो कौतुकाने. ‘किती सुंदर!’ ऐकलं की पुढच्या आठवड्यात चित्र दाद मिळवण्यासाठी निघतं, आणि शेजारचा आपल्या रेघोट्या झाकून ठेवतो. चांगला थेरपिस्ट पहिल्याच दिवशी नियम घालतो: दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ लावायचा नाही, स्वतःला काय वाटलं तेवढंच सांगायचं.

चित्रकला येत नाही ही भीती दोन्हीकडे सोडून द्या. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चित्र-माती-कोलाज करायला दिलं. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं, आणि कलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात विशेष फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावरून आजार बरा होतो असं म्हणता येत नाही. औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

आघात ताजा असेल, घाबरण्याचे झटके येत असतील किंवा भास होत असतील तर एकट्यानेच सुरुवात करा, तीही मानसोपचारतज्ज्ञांना कल्पना देऊन. नुसतंच कुणाशी जोडलं जावंसं वाटत असेल तर थेट बंद गटात जा. मन दोन्हीकडे ओढत असेल तर आधी चार-सहा सत्रं एकट्याने करा. मग गटात गेलात तरी कोणतं साहित्य झेपतं हे तुम्हाला ठाऊक असेल.

पैसे भरण्याआधी थेरपिस्टचं आर्ट थेरपीतलं रीतसर प्रशिक्षण विचारा. चित्रं कुठे, किती काळ ठेवली जातात आणि फोटो काढायचा तर लेखी संमती घेतात का, हेही विचारा. थेरपिस्ट व्यवसायाच्या नियमांनी बांधलेला असतो; गटातली गुप्तता मात्र बरीचशी एकमेकांच्या शब्दावर चालते. ‘काळा रंग म्हणजे नैराश्य’ असं कुणी पहिल्याच चित्रावरून सांगू लागलं तर दुसरीकडे जा. सत्राला डाग पडले तरी चालतील असे कपडे घाला, आणि नंतरचा अर्धा तास तरी कोणतंही काम लावून घेऊ नका.